मागच्या दाराने सुटलेले

१

दुपारचे दोन वाजले की मी शिलाई मशीनवर खोळ घालायची, हात धुवायची आणि माईंना मालिका सांगायला बसायची. सांगायला म्हणते, कारण माईंना दिसत नव्हतं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. काचबिंदूने त्यांची नजर थोडी थोडी करत नेली आणि चार वर्षांपूर्वी उरलीसुरलीही गेली. कान मात्र इतके तिखट, की आतल्या खोलीत मी सुईत दोरा ओवताना श्वास रोखला तरी बाहेरून आवाज यायचा, "जात नाही वाटतं? चष्मा लाव की."

घरात आम्ही दोघीच. हे लांब पल्ल्याचा टँकर चालवतात, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. लेक ठमी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. तिला सातवा महिना लागला होता. आधीची दोन राहिली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचंच नाही असं बजावलं होतं. पडल्या पडल्या ती नवीन आलेलं सगळं बघायची आणि दर सोमवारी आम्हाला यादी पाठवायची. घरबसल्या काय बघावं, काय टाळावं. सोबत तिचे शेरे. "पहिले दोन भाग रटाळ, धीर धर." "वकीलबाई झकास, जज मात्र झोपाळू." "नवरा गोड बोलतो, विश्वास ठेवू नकोस. माईआजीला आवडेल."

आवडायचंच. माईंना कौटुंबिक रडगाणी नको असायची. खून पाहिजे, पोलीस पाहिजे, बंद खोली पाहिजे. "रडायला मला मालिका कशाला हवी?" म्हणायच्या.

पडद्यावर जे दिसेल ते मी हळू आवाजात सांगायची. कोण आत आलं, कुणाच्या कपाळावर घाम आहे, टेबलावर काय ठेवलंय. मी थांबले की माई विचारायच्या, "मग?" त्यांच्या त्या "मग?"वर आमची दुपार चालायची.

एका मालिकेत एक नर्स होती. माईंचा तिच्यावर जीव जडला. तिसऱ्या भागात कुणीतरी तिला जिन्यावरून ढकललं आणि मी ते जसंच्या तसं सांगितलं. माईंनी छातीवर हात दाबला. तीन दिवस दवाखान्यात काढले आम्ही. सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदय फार अशक्त आहे. यापुढे धक्का नको."

त्या दिवसापासून माझ्या तोंडून कुणी मेलं नाही.

२

पहिली होती हिरव्या स्वेटरमधली शिक्षिका. ठमीने लिहिलं होतं, "यंदाची सगळ्यात चांगली. पण चौथ्या भागात काळीज धरून बस." चौथ्या भागात शेजाऱ्याने तिला स्वयंपाकघरात गाठलं. मला आधीच अंदाज आला होता, म्हणून मी आवाज कमी केला, तरी किंकाळी निसटलीच.

"काय झालं?" माई ताठ बसल्या.

"बशी फुटली. ती दचकली. आणि... आणि मागच्या दाराने सुटली माई."

"दार कसलं?"

पडद्यावर दार नव्हतंच. काहीतरी सांगायला हवं होतं, आणि माईंना वरवरचं पटत नसे. समोर आमच्याच स्वयंपाकघराचं दार होतं, ते मी सांगून टाकलं. "लाकडी. खाली फुगलंय. फरशीला घासतं, खांदा लावून ढकलावं लागतं."

"आपल्यासारखं म्हणजे."

"अगदी आपल्यासारखं."

"मग?"

"मग गल्लीत गेली."

"गल्लीतून कुठे?"

"ते पुढच्या भागात," मी म्हटलं. पुढच्या भागात ती कुठून असणार? तिच्या घरच्यांनी काळे कपडे घातले होते. मी माईंना सांगितलं की ते शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघालेत.

एकदा सवय लागली की जीभ आपोआप वळते. धरणावरच्या एका मालिकेत इंजिनिअरची बहीण पाण्यात बुडाली, मी तिला मागच्या दाराने काढलं. एक लंगडा पोस्टमन होता, उजवा पाय ओढत चालायचा. त्याला गोदामात डांबून मारलं, मी त्यालाही काढलं. धरण असो, गोदाम असो, दार तेच. खाली घासणारं. माईंनी कधी हरकत घेतली नाही. "बरं झालं बाई, सुटला," म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं. उसवलेली शिवण कुणाला कळू न देता घालावी, तसं.

३

एका दुपारी आम्ही कोर्टातली मालिका बघत होतो. खून वगैरे काही नाही, दोन भावांचं भांडण. माई मध्येच म्हणाल्या, "दार लाव गं. कुणी आलं ना आत्ता."

"कुणी नाही आलं."

"मागून. घासल्याचा आवाज आला."

मी उठून बघितलं. मागच्या दाराची कडी उघडी होती आणि दार चार बोटं आत आलेलं. गल्लीत चिटपाखरू नाही. सकाळी मीच धुणं वाळत घालून आले होते; घातली नसेल कडी. कडी घालून मी परत येऊन बसले.

माई सोफ्याच्या मधोमध बसायच्या. आता त्या डाव्या टोकाला होत्या.

"अशा अवघडून का बसलात?"

"जागा नको का करायला?" त्या अगदी सहज म्हणाल्या आणि लगेच, "मग? धाकटा काय म्हणाला?"

रात्री अंथरुणात मी त्याचा विचार केला नाही असं नाही. पण म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, अशी मनाची समजूत घातली आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी उघडी. मग मी एक युक्ती केली. पक्का काळा दोरा घेतला, बटणाला वापरते तो, आणि कडीला सात वेढे देऊन गाठ मारली. माझी गाठ मी ओळखते. तीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे दुरुस्त करतेय.

चार वाजायच्या थोडं आधी मी जाऊन बघितलं. दोरा तुटला नव्हता. गाठ सोडवलेली होती, आणि दोऱ्याची छोटी नीट गुंडी करून ती ओट्यावर ठेवलेली होती. मी कधी गुंडी करत नाही, रिळालाच गुंडाळते.

माईंनी केलं असेल. डोळे नसले तरी बोटं शहाणी आहेत त्यांची. पण त्या दोन तास माझ्या शेजारी होत्या, त्यांचा कोपर माझ्या कोपराला लागत होता.

दारातलं पायपुसणं ओलं होतं. मी ते उचललं, तेव्हा त्यातून पाणी गळलं. गार पाणी, शेवाळाचा वास येणारं. आमच्या नळाला तसा वास येत नाही.

४

मी ठमीला फोन केला. ती रोज चार वाजता स्वतःहूनच करायची, पण त्या दिवशी मला धीर निघेना. पायपुसण्याचं काही बोलले नाही. तिच्या अशा अवस्थेत तिला काय घाबरवायचं? एवढंच म्हटलं, की माई कुणाशी तरी बोलतात.

"भास होतात गं आई म्हाताऱ्या माणसांना. दिवसभर खून ऐकत बसलं की दुसरं काय होणार?"

"खून कुठे ऐकतात? मी सांगतच नाही."

"म्हणजे?"

मग मला सगळं सांगावं लागलं. ठमी इतकी हसली, की मीच म्हटलं, "अगं हळू, पोटाला ताण पडेल."

"थांब थांब. ती स्वेटरवाली? ती पण सुटली?"

"हो."

"आणि पोस्टमन? लंगडत लंगडत?"

"हस हस. तुझ्या आजीचा जीव वाचवतेय मी."

"आई, तू म्हणजे ना... एवढी सगळी माणसं मागच्या दाराने बाहेर काढलीस, आणि पुढे कुठे पाठवलीस गं त्यांना?"

मी मागच्या दाराकडे बघितलं.

"आई? मी गंमत करतेय."

"माहीत आहे," मी म्हटलं. बाहेरच्या खोलीत माई कुणाला तरी सांगत होत्या, "बसा हो. उभे का? तुमच्या पायाला त्रास होत असेल."

५

त्यानंतर मी तीन दिवस टीव्ही लावला नाही. केबल बिघडली असं सांगितलं. आणखी एक खोटं.

टीव्ही बंद असताना घरातले आवाज जास्त कळतात. मशीन चालवताना मला मागून एक पाय टाकल्याचा आणि एक ओढल्याचा आवाज यायचा. मशीन थांबवलं की तोही थांबायचा. पट्टा सैल झाला असेल म्हणून मी पट्टा बदलला. नवीन पट्ट्यानेही तेच.

माई खात नव्हत्या. हात गार पडले होते, ऊन असताना. "दाटी होते गं बसायला," एवढंच म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मी गिऱ्हाइकाचा कोट देऊन दहा मिनिटांत परत आले, तर माई स्वयंपाकघरात. पायात चपला, खांद्यावर शाल, हातात काठी. दुसरा हात मागच्या दाराच्या कडीवर.

मी धावत जाऊन त्यांना धरलं. मागच्या गल्लीला तीन पायऱ्या आहेत, आणि खाली उघडं गटार. दिसणाऱ्याचाही पाय घसरतो तिथे.

"कुठे निघालात माई?"

"गल्लीच्या टोकापर्यंत. यांना सोडून येते."

"कुणाला?"

माईंना माझ्या अडाणीपणाचा कंटाळा आल्यासारखं वाटलं. "किती दिवस झाले, इथेच बसून आहेत. पुढे कुठे जायचं ते तुमची सून सांगत नाही, म्हणतात. दाराशी आणून सोडलंस फक्त. मी म्हटलं, चला, मी येते तुमच्याबरोबर. मला तरी इथे कोणतं काम आहे?"

त्यांच्या दुसऱ्या बाजूची शाल किंचित वर उचललेली होती. पडू नयेत म्हणून कुणी कोपराला धरावं, तशी.

६

मी त्यांना सोफ्यावर आणून बसवलं. दाराला कुलूप घातलं, किल्ली ब्लाउजमध्ये खोचली आणि समोर स्टूल घेऊन बसले. खरं सांगितलं तर माईंचं हृदय थांबेल. नाही सांगितलं तर आज ना उद्या या त्यांच्याबरोबर त्या पायऱ्या उतरतील. शेवटी मी माईंची नाडी बोटांखाली धरली, जणू मला त्यातलं काही कळतं.

"माई, त्या शिक्षिकेचं मी खोटं सांगितलं. ती सुटली नाही. शेजाऱ्याने मारलं तिला, तिथेच, ओट्यापाशी. चौथ्या भागात. मेली ती."

नाडी चालू होती.

स्वयंपाकघरात दार घासलं. कुलूप लावलेलं दार. तोच आवाज, आधी खरखर, मग धप्प.

मला उठून पळावंसं वाटलं. पण माईंचा हात हातात होता. "धरणावरची ती मुलगी. ती पाण्यात गेली माई. सहा दिवसांनी सापडली." पुन्हा खरखर. पुन्हा धप्प. "आणि पोस्टमन..." मी मान वर केली.

माईंच्या मागच्या भिंतीवर ठमीच्या लग्नाचा मोठा फोटो आहे, काचेचा. त्या काचेत सोफ्याची पाठ दिसते, आणि बसलेल्यांची डोकी मागून. माईंचा पांढरा अंबाडा होता. त्याच्या शेजारी, अगदी चिकटून, एक टोपी होती. खाकी, कडेला दुमडलेली. सोफ्याकडे थेट बघायचं धाडस मला झालं नाही.

"पोस्टमनला गोदामात मारलं," मी डोळे मिटून म्हटलं. "त्याला तिथून बाहेर पडताच आलं नाही."

एक पाय टाकल्याचा आवाज. एक ओढल्याचा. माझ्या स्टुलाच्या बाजूने, इतक्या जवळून की माझ्या पदराला वारा लागला. मग स्वयंपाकघर. खरखर. धप्प.

मग माई सोफ्याच्या मधोमध सरकल्या आणि त्यांनी पाय लांब केले.

"मला ठाऊक होतं गं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. किंकाळी कोणती आणि बशी कोणती, एवढं कळत नाही होय मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुला सांगताना इतकं बरं वाटायचं. म्हटलं, असू दे." त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि घट्ट धरला. "पण माझ्या वेळी असं करू नकोस. मेली तर मेली म्हण. सरळ. मध्ये ते दार आणू नकोस. किती वाईट वाटतं ते, मी बघितलंय ना त्यांच्याशेजारी बसून. वचन दे."

मी वचन दिलं. मग आम्ही दोघी रडलो आणि रडता रडता हसलोही, कारण माई म्हणाल्या, "आणि ती केबल दुरुस्त झाली असेल तर लाव बाई आता. त्या दोघा भावांचं काय झालं?"

७

पुढचे बारा दिवस छान गेले. दोरा, पायपुसणं, कडी, सगळं जागच्या जागी. मी आता सगळं खरं सांगायची. कुणी मेलं की मेलं. माई नुसतं "अरेरे" म्हणायच्या आणि ताकाचा घोट घ्यायच्या.

तेराव्या दिवशी ठमीच्या यादीतली नवीन मालिका लावली होती. "हिला दहापैकी नऊ," असा शेरा होता. एक बाई रिकाम्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होती. मी बाकाचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं, तिच्या हातातल्या पिशवीचं सांगितलं आणि थांबले.

"मग?" आलं नाही.

मी थोडं पुढे सांगितलं. पुन्हा थांबले. पडद्यावर गाडी आली आणि निघूनही गेली. मग मी माईंकडे बघितलं.

कुठे दुखल्याची खूण नव्हती. तोंड किंचित उघडं, पुढचं ऐकायला थांबल्यासारखं. मी त्यांचे पाय वर घेतले, शाल हनुवटीपर्यंत ओढली, काठी सोफ्यामागच्या भिंतीला टेकवून ठेवली. यांना फोन लावला. लागला नाही, घाटात असतील. मी समोर खुर्ची ओढून तशीच बसून राहिले. रडू येत नव्हतं. फक्त त्या "मग?"ची वाट बघत होते.

चार वाजता फोन वाजला. ठमी.

"आई, आज इतकं हलतंय गं पोटात. कालपासून जीव घाबरतोय, उगाचच. डॉक्टर म्हणाले बीपी वाढलंय, काही मनाला लावून घेऊ नका. आजीला दे ना. तिचा आवाज ऐकला की बाळ गप्प बसतं."

समोर शाल. शालीतून वर आलेली नाकाची रेघ.

सरळ सांग, मी स्वतःला म्हटलं. वचन दिलंयस. तीनच तर शब्द होते. पण आधीची दोन मला आठवली. त्या दोन्ही वेळी फोनवर मला ठमीचं रडणं ऐकू आलं नव्हतं, नुसता श्वास ऐकू आला होता.

"माई ना," मी म्हटलं, "त्या जरा बाहेर गेल्यात."

"बाहेर? एकट्या?"

"मागच्या दाराने. गल्लीत. वारा घ्यायला."

बोलून झालं, आणि मी काय बोलले ते मला कळलं.

"अगं पण पायऱ्या आहेत ना तिकडे!"

"येतील. येतीलच आता," माझी जीभ म्हणाली.

माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघरात, काहीतरी दाराला टेकलं. ढकललं आणि सुटलं. म्हाताऱ्या खांद्याला ते दार एकदम कुठून जमणार? पुन्हा ढकललं. तिसऱ्या खेपेला खालून खरखर झाली.

मी सोफ्याकडेच बघत होते. माई तिथेच होत्या. शाल हलली नव्हती. काठी माझ्यासमोर भिंतीला टेकलेली होती. आणि तरी मागून, फरशीवर, काठीचा आवाज येत होता. टक. मग चाचपडणं. टक.

आता सांग. अजून वेळ आहे. "ठमे, ऐक," असं म्हण आणि सांगून टाक, म्हणजे ते दार पुन्हा एकदा घासेल आणि संपेल. मी तोंड उघडलं. फोनमधून तिचा श्वास येत होता, लहान लहान, भरभर.

टक, अगदी माझ्या खुर्चीशी.

"आई, काठी वाजतेय," ठमी म्हणाली, आणि तिचा आवाज सैल झाला, सुटल्यासारखा. "आली वाटतं आजी. दे, दे तिला."

मी वळले नाही. डोळे सोफ्यावरच्या शालीवर ठेवले आणि फोन खांद्यावरून मागे धरला.

गार बोटांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.